शंभर दिवसांची सोबत

1983 सालच्या मार्च महिन्यात मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालयात तीव्र रक्तकर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या शिरेतून तिच्या सख्ख्या भावाच्या अस्थिमज्जेतील पेशी सोडण्यात आल्या, आणि भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणून त्या घटनेची नोंद वैद्यकाच्या इतिहासात झाली. हे धाडस ज्यांनी केले ते डॉ. सुरेश अडवाणी बालपणीच पोलिओमुळे पायांची शक्ती गमावलेले आणि चाकांच्या खुर्चीवरून रुग्णशय्येपर्यंत जाणारे. ही विद्या त्यांनी अमेरिकेतील सिएटल येथे ज्या डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे आत्मसात केली, त्यांना पुढे 1990 साली याच कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वास्तूत हे घडले तिच्या पाठीमागेही रक्तकर्करोगाचेच एक दुःख आहे. लेडी मेहरबाई टाटा 1931 साली या व्याधीने निवर्तल्या, आणि त्यांच्या पश्चात टाटांच्या विश्वस्त निधीतून उभारलेले हे रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी रुग्णसेवेसाठी खुले झाले.

या नोंदी आदराने वाचाव्यात अशाच आहेत. तथापि त्या नऊ वर्षांच्या मुलीसोबत रुग्णालयात आणखी एक जण होता, ज्याला स्वतःला कोणताही आजार नव्हता आणि तरीही ज्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली गेली. त्या दोघांना जन्म देणारे आईवडील होते. आणि ज्या घरातून ती सर्व माणसे रुग्णालयात आली होती त्या घराचा नित्यक्रम त्या काळात विस्कटला असणार, हे कोणी लिहून ठेवले नसले तरी निश्चित समजावे. प्रत्यारोपण एका मुलाचे होते, परंतु ते सोसते संपूर्ण कुटुंब. आणि त्या कुटुंबाला दिलेला आधार हा औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे, दयाबुद्धीने वरून घातलेली भर नव्हे, असे माझे ठाम मत आहे. ते मत कोणत्या आधारावर बनले, हे या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम या उपचाराचे स्वरूप. ‘प्रत्यारोपण’ म्हटले की शस्त्रक्रियेचे टेबल डोळ्यांपुढे येते, पण रुग्ण मुलाच्या बाबतीत येथे शस्त्राचे काम नाममात्र असते. छातीवरच्या मोठ्या शिरेत एक नलिका बसवितात, तिला वॉर्डात सर्वजण ‘लाइन’ म्हणतात. त्या लाइनमधून आठवडाभर किंवा थोडे अधिक दिवस इतक्या तीव्र मात्रेची केमो, आणि काही मुलांना त्याबरोबर सर्वांगाला किरणोपचार, दिला जातो की कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशींबरोबर मुलाची स्वतःची मज्जाही निकामी होते. हे दिवस उलटे मोजतात, उणे आठ, उणे सात असे. आणि ज्या दिवशी दात्याच्या मूलपेशी रक्ताच्या पिशवीसारख्याच एका पिशवीतून शिरेत सोडल्या जातात तो शून्य दिवस. ज्या क्षणासाठी घरदार विकण्याची वेळ आली तो क्षण अर्ध्या-पाऊण तासात, कोणताही गाजावाजा न होता निघून जातो, याचे अनेक पालकांना आश्चर्य वाटते. खरी परीक्षा त्यानंतरची. दात्याच्या पेशी रक्तातून वाट काढीत हाडांच्या पोकळीत जाऊन रुजेपर्यंत साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या अवधीत मुलाच्या शरीरात पांढऱ्या पेशींचा पहारा जवळजवळ शून्य असतो. एका मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल पेशींची संख्या लागोपाठ तीन दिवस 500 च्या वर राहिली म्हणजे रोपण रुजले असे मानतात. ‘काउंट आले का?’ हा प्रश्न त्या दिवसांत सकाळच्या पहिल्या नमस्काराच्या जागी असतो.

न्यूरोब्लास्टोमासारख्या काही गाठींच्या कर्करोगांत मुलाच्या स्वतःच्याच पेशी आधी काढून गोठवून ठेवतात आणि तीव्र केमोनंतर त्यालाच परत देतात. गोठविताना वापरलेल्या रसायनामुळे पेशी दिल्यावर एक-दोन दिवस मुलाच्या श्वासाला आणि अंगाला लसणीसारखा वास येतो. बाब क्षुल्लक आहे, पण ज्या आईला ती आधी सांगितलेली नसते तिला तो वास नव्या संकटाची चाहूल वाटतो. या साऱ्या उपचारात माहिती वेळेवर मिळणे किती मोलाचे असते, याचे यापेक्षा सोपे उदाहरण मला सुचत नाही.

आता त्या कुटुंबाकडे वळू, ज्याला हे सर्व सुरू होण्याच्या कितीतरी आधी कागदांच्या दुनियेत उतरावे लागते. दात्याच्या पेशींनी करावयाच्या प्रत्यारोपणाचा खर्च आपल्या देशात दहा ते वीस लाखांच्या घरात, आणि गुंतागुंत झाल्यास त्याहूनही पुढे जातो. रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार, खासदार-आमदारांचे शिफारसपत्र अशी चळत हाती घेऊन बाप एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या धर्मादाय संस्था, अशा प्रत्येक ठिकाणचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी, मंजुरीची रीत वेगळी. ज्या माणसाने आयुष्यात सात-बाराच्या उताऱ्याखेरीज कोणत्या सरकारी कागदासाठी खेटे घातलेले नाहीत, त्याने आजारी मुलाला परक्या शहरात ठेवून हे सर्व करावे ही अपेक्षाच निष्ठुर आहे. आणि म्हणून ज्या वैद्यकीय समाजसेविकेला रुग्णालयात ‘सोशल वर्करताई’ म्हणून ओळखतात, तिचे टेबल मला शल्यचिकित्सकाच्या टेबलाइतकेच महत्त्वाचे वाटते. ती अर्जातली चूक तिथल्या तिथे सुधारते, एका निधीची मंजुरी येईपर्यंत दुसऱ्याची तजवीज करते, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ‘आम्ही आता घरी जातो’ असे म्हणणाऱ्या बापाला परत खुर्चीवर बसविते.

हे घरी जाणे हा बालकर्करोगातला एक स्वतंत्र मृत्युमार्ग होता. टाटा स्मारक रुग्णालयात एके काळी सुमारे 20 टक्के मुलांचे उपचार अर्ध्यावर सुटत किंवा सुरूच होत नसत. रोग बरा होण्याजोगा असूनही ही मुले जात, कारण पैसा संपे, राहावयास जागा नसे, शेतीचा हंगाम येई, घरी दुसरे मूल आजारी पडे, किंवा कोणी सांगे की याचा काही उपयोग नाही. बालकर्करोग विभागाने ‘इम्पॅक्ट’ या नावाने आर्थिक साहाय्य, निवास, पोषण, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची एकत्र व्यवस्था उभारल्यानंतर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास आले. हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. त्यात कोणतेही नवे औषध नाही. जे झाले ते निवाऱ्याने, जेवणाने, दूरध्वनीने आणि माणसांनी झाले.

निवाऱ्याचा प्रश्न मुंबईत विशेष बिकट. परळच्या रुग्णालयाभोवतालच्या पदपथांवर पथारी टाकून राहिलेली कुटुंबे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत: विदर्भ-मराठवाड्यातली, बंगाल-बिहारमधली, आसामातली. केमो घेतलेले मूल कसेबसे पदपथावर राहू शकेल, पण प्रत्यारोपण झालेल्या मुलाला तसे ठेवणे म्हणजे झालेला सर्व उपचार गटारात टाकणे होय. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी परगावच्या रुग्णांसाठी जे केले आहे त्याचे ऋण महाराष्ट्राने मानले पाहिजे. केवळ कर्करोगग्रस्त मुलांसाठी 2006 साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने या विचाराला पुढचे वळण दिले: प्रत्येक कुटुंबाला स्वतःची स्वच्छ खोली, स्वयंपाकासाठी स्वतःची जागा, पिण्याला शुद्ध पाणी, रुग्णालयापर्यंत वाहन, आणि मुलांसाठी शिकण्याची-खेळण्याची सोय. स्वयंपाकाची सोय हे ऐषआरामाचे लक्षण नव्हे. प्रत्यारोपणानंतर मुलाने ताजे, पूर्ण शिजलेले, आपल्या माणसाच्या हातचे अन्न खावे असे वैद्य सांगतात; ते शिजविण्यास चूल नसेल तर तो सल्ला पाळावा कसा?

टाटा स्मारक केंद्राचे प्रत्यारोपण आज खारघर येथील ॲक्ट्रेक या त्याच्याच उपचार-संशोधन संस्थेच्या आवारात होते. येथील आणि अन्यत्रच्या अशा कक्षांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच: गाळून आत सोडलेली हवा, दोन दारे, हात धुण्याचा सक्त नियम, आणि मुलाजवळ एकच सोबती. ती बहुधा आई असते. महिना-सव्वा महिना ती त्या खोलीत मुलाबरोबर बंदिस्त राहते, आणि मुलाच्या अंगाच्या तापापासून तोंडावाटे गेलेल्या पाण्याच्या मापापर्यंत सर्व टिपते. मुलाला चौथ्या-पाचव्या दिवसापासून तोंडात आणि घशात फोड येतात, थुंकी गिळणेही असह्य होते, अन्न शिरेवाटे द्यावे लागते आणि वेदना शमविण्यास मॉर्फिनची धार लावावी लागते. ‘मॉर्फिन’ हा शब्द ऐकून आपले मूल व्यसनी होईल किंवा आता काही आशा उरली नाही अशी समजूत करून घेणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांच्याशी बसून बोलणारी परिचारिका नसेल तर ते मुलाची वेदना मुकाट्याने पाहत राहतात. विशिष्ट केमोच्या वेळी मुलाने बर्फाचे खडे तोंडात धरले तर तोंड सोलवटण्याचे प्रमाण कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. मुलांना ते आवडतेही. औषधाच्या एवढ्या माऱ्यात आपण स्वतः करू शकतो अशी एक गोष्ट आहे, हे समाधान त्या बर्फातून मुलाला मिळते, आणि तेही मला फोड टळण्याइतकेच मोलाचे वाटते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ शॉन फिप्स यांनी अशा मुलांच्या मनःस्थितीचा आठवड्या-आठवड्याने मागोवा घेतला, तेव्हा असे आढळले की मुलांचा त्रास दाखल होतानाच बराच असतो, पेशी दिल्यानंतर सुमारे आठवड्याने तो शिखराला पोहोचतो, मग उतरू लागतो, आणि चार ते सहा महिन्यांत बहुतेक मुले पूर्वस्थितीला येतात. पालकांना हे आधी सांगितले तर केवढा दिलासा मिळेल! ज्या दिवशी मूल भिंतीकडे तोंड करून पडते, आईशी बोलत नाही, आवडते कार्टूनही बंद करावयास लावते, त्या दिवशी ‘हा या वाटेवरचा ठाऊक असलेला चढ आहे, याच्यापुढे उतार आहे’ असे अधिकारवाणीने सांगणारे कोणी जवळ असणे, ही साधी गोष्ट नव्हे.

वयागणिक मुलाची भीती वेगळी असते. पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू कळत नाही, आईचे दृष्टीआड होणे मात्र कळते. म्हणून त्याच्या बाबतीत आईला अंघोळीला जाता यावे इतका वेळ ओळखीचा चेहरा समोर ठेवणे हाच उपचार. शाळकरी मुलाला, मी काहीतरी वाईट केले म्हणून हे झाले, असे वाटू शकते, आणि तो हे कोणाला बोलून दाखवीत नाही. बाहुलीला लाइन लावून, बाहुलीचे रक्त काढून, बाहुलीला ‘तुझी काही चूक नाही’ असे सांगता-सांगता ही गाठ सुटते, आणि खेळातून उपचार करणारे जाणकार हेच करतात. किशोरवयीन मुलामुलींचे दुःख आणखी निराळे. केस गेले, मैत्रिणी दुरावल्या, दहावीचे वर्ष बुडाले, आणि आठ दिवसांपूर्वीपर्यंत बंद दाराआड अंघोळ करणाऱ्या मुलाला आता आईसमोर भांडे घ्यावे लागते. त्याच वयात आणखी एक प्रश्न असतो, ज्याविषयी आपल्याकडे सगळेच मौन पाळतात: तीव्र केमोने आणि किरणोपचाराने पुढे अपत्यप्राप्तीची क्षमता नाहीशी होऊ शकते, वयात आलेल्या मुलाचे वीर्य आधीच साठवून ठेवता येते, मुलींसाठीही काही मार्ग आहेत, परंतु हे सर्व पूर्वतयारीची केमो सुरू होण्याआधी बोलावे लागते. जीव वाचविण्याच्या घाईत ‘ते नंतर बघू’ असे म्हणणारा बाप समजण्यासारखा आहे; पण ते नंतर बघता येत नसते, हे त्याला त्याच दिवशी स्पष्ट सांगणारा वैद्य हवा.

आता ज्या भावंडाचा उल्लेख आरंभी केला त्याच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या साऱ्या व्यवहारात सर्वांत कमी विचारपूस त्याची होते. सख्ख्या भावंडाशी ऊतक पूर्णपणे जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारात एक असते. दोनच अपत्यांच्या आजच्या कुटुंबात ‘मॅच आला’ हे शब्द कानी पडणे म्हणून दुर्मीळच. मॅच आला की घरात आनंद होतो, आणि त्या आनंदात सहा-सात वर्षांच्या त्या दात्याला विचारावयाचे राहून जाते. त्याच्या बाबतीत धोका अल्प आहे. भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, काही दिवस कंबर दुखते, आणि काढलेली मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. पण मुलाला हे कोण सांगतो? त्याच्या कानावर अर्धवट शब्द येतात: हाड, सुई, रक्त, भाऊ वाचेल, नाही तर. आपली हाडे संपतील का, भावाचा आजार आपल्याला लागेल का, नाही म्हटले तर आई रागावेल का, हे प्रश्न तो मनात ठेवतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2010 साली अशा बालदात्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरविताना असे सुचविले की दात्याच्या हिताकडे पाहणारी एक व्यक्ती रुग्णावर उपचार करणाऱ्या चमूपासून वेगळी असावी. मला ही सूचना न्यायाची वाटते. एकाच आईची दोन लेकरे, एकाचा जीव दुसऱ्याच्या हाडात; अशा वेळी आईने निःपक्ष राहावे ही अपेक्षा मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे, आणि म्हणूनच त्या दुसऱ्या लेकराच्या बाजूने बोलणारे कोणी तिऱ्हाईत हवे.

मानसशास्त्रज्ञ वेंडी पॅकमन यांनी अशा भावंडांचा अभ्यास केला तेव्हा मज्जा देणाऱ्या मुलांत चिंता अधिक आढळली, तर न देणाऱ्यांच्या अडचणी शाळेत अधिक दिसून आल्या. म्हणजे दात्याचा भार एक आणि ज्याला आजीकडे ठेवून सर्वजण मुंबईला निघून गेले त्याचा एकटेपणा दुसरा. सुटका कोणाचीच नाही. यावर जे करता येते ते फार खर्चाचे नाही. दात्या मुलाला आधी कक्ष दाखवावा, भूल म्हणजे काय ते त्याच्या भाषेत सांगावे, ज्या दिवशी त्याची मज्जा काढली जाईल त्या दिवशी दोघांपैकी एका पालकाने पूर्णवेळ त्याच्याच खाटेशी बसावे, आणि नंतरही त्याची कंबर दुखते का हे विचारावे. गावी राहिलेल्या भावंडाला रोज ठरावीक वेळी आईचा व्हिडिओ कॉल यावा, त्याच्या शिक्षकांना घरातील परिस्थिती कळवावी. आणि एक गोष्ट सर्वांत आधी, सर्वांत स्पष्टपणे सांगून ठेवावी: पेशी दिल्यानंतर जे होईल, चांगले वा वाईट, ते पेशी देणाऱ्याच्या गुणावर वा दोषावर अवलंबून नाही. रोपणाच्या सहाव्या महिन्यात रोग उलटून आला आणि भाऊ गेला, तर ‘माझ्या पेशी चांगल्या नव्हत्या’ असा निष्कर्ष ते मूल आपल्या मनाशी काढते, आणि कोणी विचारले नाही तर तो निष्कर्ष आयुष्यभर बाळगते.

गेल्या काही वर्षांत अर्ध्या जुळणीच्या दात्याकडूनही प्रत्यारोपण करता येऊ लागले आहे, आणि मग आई किंवा बाप स्वतःच दाता ठरतो. याने वैद्यकीय वाट तर रुंद झालीच, पण कुटुंबातील बापाच्या स्थानातही बदल झाला असे मला वाटते. एरवी पैशांची जमवाजमव करीत दाराबाहेर उभा राहणारा, काचेपलीकडून हात हलविणारा बाप दाता झाला म्हणजे उपचाराच्या आत येतो. रोपण रुजल्यावर मुलाचा रक्तगट हळूहळू दात्याच्या रक्तगटासारखा होतो. ‘आता माझे आणि पप्पांचे रक्त एक’ हे मुलाला सांगता येते, आणि ते शब्दशः खरे असते.

मुलाशी खरे बोलावे की नाही, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. ‘कॅन्सर’ हा शब्द मुलासमोर उच्चारू नका असे डॉक्टरांना बजावणारे आजोबा प्रत्येक वॉर्डात असतात, आणि त्यांच्या मनात प्रेमाखेरीज काही नसते. परंतु मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने रक्तकर्करोगाच्या मुलांमध्ये वावरून 1978 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात दाखविले की मोठी माणसे काहीही न सांगता मुलांना आपला आजार, औषधांची नावे, आणि आपण मरणार आहोत हेदेखील कळलेले असते. ती बोलत नाहीत ते केवळ आईवडिलांना आवडत नाही म्हणून. मोठ्यांनी लपवावे आणि मुलांनी लपविले आहे हे जाणून गप्प बसावे, अशा स्थितीत दोघेही एकाकी पडतात. खोटे बोलण्याची आणखी एक किंमत अशी की, ‘दुखणार नाही’ असे सांगून टोचलेल्या पहिल्या सुईनंतर पुढच्या शंभर सुयांच्या वेळी मूल कोणाचाच शब्द मानीत नाही. भीती घालू नये, तपशिलाचा मारा करू नये. पण मुलाने विचारलेल्या प्रश्नाला, त्याने विचारले तेवढे, खरे उत्तर द्यावे.

काउंट वर येतात, लाइनची औषधे कमी होतात, आणि एक दिवस घरी जाण्याची, म्हणजे प्रथम रुग्णालयाजवळच्या निवासात जाण्याची, परवानगी मिळते. पेशी दिल्यापासूनचे पहिले शंभर दिवस जोखमीचे मानतात. दात्याच्या पेशी नव्या शरीराला परके समजून त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर हल्ला करू शकतात. त्यांना आवरण्यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे घड्याळाच्या काट्यावर द्यावी लागतात, आणि तीच औषधे संसर्गाला दार उघडतात. रुग्णालयात जे काम पाच परिचारिका पाळ्यांनी करीत होत्या ते आता एका आईवर येऊन पडते. माझ्या मते आधाराची गरज येथे सर्वाधिक असते आणि नेमकी येथेच ती सर्वांत कमी भागते, कारण मूल रुग्णालयातून बाहेर पडले की सर्वांना वाटते, संपले.

आपल्या समाजाच्या काही चांगल्या चालीही या दिवसांत आवरून धराव्या लागतात. आजाऱ्याला भेटावयास जाणे हे आपल्याकडे कर्तव्य समजले जाते. प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या बाबतीत न जाणे हे कर्तव्य आहे. खोकला-सर्दी असलेला मामा, नुकतीच कांजिण्यांतून उठलेली चुलत बहीण, यांचे प्रेम दूरध्वनीवरूनच यावे. घरात ओल आलेल्या भिंती, पारव्यांची घाण, अंगणातले बांधकाम यांतून बुरशीचे बीज हवेत जाते आणि ते फुफ्फुसात शिरले तर घातक ठरते, म्हणून गावी परतण्याआधी घराची डागडुजी व्हावी. खोलीत फुलांचे हार आणि कुंड्या नकोत. अंगारा-उदीविषयी घरच्या वडीलधाऱ्यांशी मायेने बोलावे. देवाची तसबीर पुसता येईल अशा आवरणात घालून उशाशी ठेवण्यास कोणाचीच हरकत नसते. दिवाळीतही या मुलाला चकली-करंजी वर्ज्य नाही, मात्र ती त्याच्या डॉक्टरांच्या संमतीने आणि घरी ताजी केलेली असावी, आणि फटाक्यांच्या धुरापासून त्याला दूर ठेवावे.

मूल तोंडाला मास्क लावून बाहेर पडते तेव्हा शेजारचे लोक आपली मुले मागे ओढतात. तो मास्क त्याच्यापासून आपला बचाव करण्यासाठी नसून आपल्यापासून त्याचा बचाव करण्यासाठी आहे, हे प्रत्येक घरमालकाला, प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांना कळले पाहिजे. कर्करोग संसर्गजन्य नाही. लहानपणी टोचलेल्या लसींचे संरक्षण प्रत्यारोपणात बहुधा नाहीसे होते आणि त्या नव्याने द्याव्या लागतात. म्हणून वर्गातील इतर मुलांचे लसीकरण पूर्ण असणे हीदेखील या मुलाला केलेली मदत आहे. शाळेने वर्षभराचा अभ्यास घरी पाठवावा, हजेरीचा बाऊ करू नये, आणि मूल परत येण्याआधी वर्गाशी एकदा बोलावे. त्यानंतरही त्याची उंची, थायरॉइड, डोळे, हृदय यांची तपासणी वर्षानुवर्षे होत राहावी लागते.

आणि सर्वच मुले परत येत नाहीत. कधी रोग उलटतो, कधी संसर्ग जिंकतो. ज्या कुटुंबाने महिनोन्महिने त्या चमूबरोबर काढले, त्याचा मुलाच्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवसापासून रुग्णालयाशी कोणताही संबंध राहू नये, ही रीत बदलली पाहिजे. 2015 साली बालकर्करोगातील मानसिक-सामाजिक सेवेची जी पंधरा मानके अमेरिकेत तज्ज्ञांनी प्रसिद्ध केली, त्यांत मूल गमावलेल्या कुटुंबाशी रुग्णालयाने संपर्क ठेवावा हेही एक मानक आहे. एका दूरध्वनीला, दोन ओळींच्या पत्राला कोणत्या निधीची मंजुरी लागत नाही.

प्रत्यारोपणाच्या अंदाजपत्रकात औषधे, खाट, तपासण्या, रक्त यांची कलमे असतात. त्याच कागदावर समुपदेशक, खेळातून उपचार करणारी ताई, शंभर दिवसांचा निवास, दात्या भावंडाची देखभाल आणि एका पालकाच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई ही कलमे घातली जावीत, आणि शासकीय योजनांनी ती मंजूर करावीत, अशी माझी मागणी आहे. मुंबई महानगरपालिकेने बोरिवली येथे मुलांच्या प्रत्यारोपणाचे केंद्र 2018 साली उभारले. सार्वजनिक यंत्रणेला हे काम झेपते याचा तो पुरावाच आहे.

शासनाने करावयाचे ते शासन करील तेव्हा करो, वाचकाने करावयाचे एक काम आजच करता येण्याजोगे आहे. काउंट येईपर्यंत प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक मुलाला प्लेटलेटची गरज वारंवार पडते, आणि रक्तपेढीत प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. त्या फार दिवस साठवून ठेवता येत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालये आणि कार्यालये बंद असल्याने रक्तदान शिबिरे थांबतात आणि पेढ्या रिकाम्या पडतात. आपले वय 18 ते 60 च्या दरम्यान असेल, वजन 50 किलोंहून अधिक असेल आणि प्रकृती उत्तम असेल, तर आपल्या शहरातील कर्करोग रुग्णालयाच्या रक्तपेढीत या सुट्टीतच जाऊन नाव नोंदवा. यंत्राद्वारे प्लेटलेट देण्यास साधारण दीड-दोन तास लागतात, आणि दिलेल्या प्लेटलेट काही दिवसांतच शरीर पुन्हा तयार करते.